मागच्या पानाची भाषा

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिताना हात जरासा अडला. रागावलेय म्हणून नाही. बाबांच्या घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द सढळ हाताने वापरता येत नाही, एवढंच. पण तू प्रिय आहेस, तेव्हा राहू दे.

तू पाठवलेले त्या वृद्धाश्रमाचे फोटो पाहिले. हिरवळ छान आहे. पायऱ्यांना कठडे आहेत, खिडक्यांना पडदे आहेत, आणि प्रत्येक फोटोत एक आजोबा आणि एक आजी हातातल्या पत्त्यांकडे बघून खदखदा हसताहेत. पत्त्यांकडे बघून इतकं कोण हसतं रे? तू विचारलंयस, मग काय ठरलं. फोनवर सांगितलं असतं, पण आपले फोन कसे होतात ते तुला ठाऊक आहे. मी बोलायला लागते, पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज येतो, तो ऐकून तू गप्प होतोस आणि मग ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस. म्हणून लिहायला बसलेय. स्वयंपाकघराच्या टेबलावर अर्ध्या भागात कवळ्यांसाठीचे प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेत, उरलेल्या अर्ध्यात मी आणि हा कागद. सगळं सविस्तर सांगणार आहे. पानं उलटून आधी शेवट बघू नकोस, ती तुझी जुनी खोड मला माहीत आहे.

तुला आठवतं का, बाबा कामावरून आले की हात धुण्याआधी दिवसातला सगळ्यात वाईट शब्द सांगायचे? इंग्रजी पेपरात मागच्या पानावर मृत्यूची निवेदनं यायची आणि उभी नोकरी त्यांनी त्या एका पानावर काढली. लोक रडत-रडत कागदावर जे खरडून आणत, ते नीट करून छापायचं हे त्यांचं काम. कुणी ‘एक्स्पायर्ड’ लिहून आणलं की त्यांचं डोकं फिरायचं. एक्स्पायर औषध होतं, माणूस नाही. ‘डिमाइस’ राजेरजवाड्यांसाठी ठेवा, सोसायटीच्या खजिनदाराला कशाला? ‘पास्ड अवे’ त्यांना नाइलाजाने चालायचं. आवडायचा तो नुसता ‘डाइड’, मेला, संपलं. माणसं झाली की वस्तूंकडे वळायचे. बंद पडलेली कंपनी ‘डिफंक्ट’, नामशेष झालेला प्राणी ‘एक्स्टिंक्ट’, हप्ता चुकलेला विमा ‘लॅप्स्ड’, दुकानात यायचा बंद झालेला साबण ‘डिसकंटिन्यूड’. इंग्रज माणूस प्रत्येक गोष्टीला वेगळ्या दाराने बाहेर काढतो, असं ते म्हणायचे, आणि आई म्हणायची की आता तुम्ही मोरीच्या दाराने आत जा आणि हात धुवा.

त्यातून आपला खेळ निघाला. तू त्यात पटाईत होतास. पिळून सपाट झालेली टूथपेस्टची नळी घेऊन तू जेवणाच्या टेबलाशी उभा राहायचास आणि गंभीर तोंड करून जाहीर करायचास, की आज सकाळी राहत्या बाथरूममध्ये हिचं निधन झालं, तिच्या मागे एक झाकण आहे. आईला ठसका लागायचा. तुझी सायकल डिफंक्ट, बैठकीतला दिवा एक्स्टिंक्ट, नासलेलं दूध पास्ड अवे. मी चुकीचा शब्द लावला की बाबा माझे गुण कापायचे. बारकी म्हणून दयामाया नाही. तुझे मात्र त्यांनी कधी कापले नाहीत. मला त्याचा राग यायचा, अजून थोडा आहे.

आईच्या वेळचं उकरून काढायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. आईचं निवेदन बाबांनी स्वतः लिहिलं आणि स्वतःच्याच पानावर छापलं. नाव, तारीख, अंत्यविधीची वेळ. बस. जगभरच्या नवऱ्यांनी आपापल्या बायकांसाठी लिहून आणलेलं ‘बिलव्हेड’, म्हणजे प्रिय, त्यांनी जन्मभर छापलं, आणि आपल्या बायकोसाठी तो एक शब्द खर्च केला नाही. तू तो पेपर त्यांच्यासमोर टाकलास आणि विचारलंस, आई तुमची कोण होती? बाबांनी पेपर उचलून त्याची घडी घातली. मग तू गेलास, तिकडची नोकरी, तिकडचं घर, तिकडची माणसं. फोन मला यायचे आणि त्यात ‘बाबा बरे आहेत ना’ एवढा एक प्रश्न असायचा. मला तेव्हा तुझंच पटलं होतं. आता ठामपणे सांगता येत नाही. इतक्या परक्या माणसांसाठी रोज वापरलेला शब्द आईला कसा द्यायचा, असंही त्यांना वाटलं असेल. हा आपला माझा अंदाज. बाबा धडधाकट असताना मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

बाबांना झटका आला तेव्हा तू थोडे दिवस येऊन गेलास. तेव्हा ते बोलतच नव्हते. बोलायला लागले ते तू परत गेल्यावर. डॉक्टरांनी मला समजावलं, की मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली आहे, पण जिभेवरून हजारदा गेलेलं कधी कधी तगून राहतं. कुणाची गाणी राहतात, कुणाचे पाढे, कुणाच्या नुसत्या शिव्या. आपल्या बाबांचं मागचं पान राहिलं. ‘पाणी’ गेलं, माझं नाव गेलं, तोंडातली मराठी सगळी गेली. कळतं मात्र अगदी व्यवस्थित. टीव्हीवरच्या विनोदाला माझ्याआधी हसतात. पण तोंड उघडलं की मयताची बातमी.

पहिले काही महिने मी नुसती रडत होते. मग हळूहळू लक्षात आलं की ते उगाच काहीही बोलत नाहीत, नेमकं बोलतात. ‘इन लू ऑफ फ्लॉवर्स’, म्हणजे फुलांऐवजी. निवेदनाखाली लोक लिहितात ना, फुलांऐवजी अमक्या संस्थेला देणगी द्या. बाबांच्या तोंडी ते ‘हे नको, दुसरं दे’ झालंय. सूप समोर ठेवलं आणि हे ऐकू आलं की गुपचूप अंडं उकडायला घ्यायचं. ‘मोर्नर्स आर रिक्वेस्टेड टु असेंबल’, शोकाकुलांनी जमावं, हे जेवायला बसण्याचं बोलावणं. ते एकटे जेवत नाहीत, मी समोर येऊन बसेपर्यंत शोकाकुलांना हाका मारत राहतात. ‘फ्युनरल प्रायव्हेट’, अंत्यविधी खाजगी, म्हणजे बाथरूमला जायचंय आणि दार लावून घे. दारावर कुणी आलं की ‘सर्व्हाइव्ड बाय?’, मागे कोण कोण आहे, म्हणजे कोण आलंय ते मला सांग. काही सांडलं, फुटलं, की ‘डीपली रिग्रेट’, अत्यंत खेद आहे. आणि जे जे आवडतं ते सगळं ‘बिलव्हेड’. खोटं नाही सांगत दादा. लोणी लावलेला टोस्ट बिलव्हेड. उन्हातली खुर्ची बिलव्हेड. आईच्या वाट्याला न आलेला शब्द टोस्टला मिळालेला ऐकला, त्या दिवशी मी ताट आपटलं होतं.

तुझा तो रविवारचा फोन आठव. मी हौसेने रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला, तू ‘बाबा’ म्हणालास, आणि ते एकदम ‘डीपली रिग्रेट, डीपली रिग्रेट’ करायला लागले. तू फोन ठेवलास. नंतर मला म्हणालास, मला ते मरणाचं बोलणं ऐकवत नाही, पुन्हा त्यांना फोन देऊ नकोस. मी दिला नाही. त्या दिवशी त्यांच्या हातून काही सांडलं नव्हतं, एवढंच सांगते.

मग तू एजन्सीमार्फत ती अटेंडंट लावून दिलीस. तिची हकिकत तुला मी धड सांगितलीच नाही, ‘जमलं नाही’ एवढंच कळवलं. बाई सोन्यासारखी होती. हात हलका, बोलणं गोड, आणि इंग्रजी फाडफाड. तिथेच घोटाळा झाला. मी तिला सगळे अर्थ समजावून कवळ्यांच्या लॅबमध्ये कामाला गेले. पण ज्याला इंग्रजी कळतं तो माझे भलतेच अर्थ कशाला धरील? बाबा म्हणाले, फ्युनरल प्रायव्हेट. ती शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि असं अभद्र बोलू नये म्हणाली. बाबा आणखी जोरात म्हणाले. तिने हात आणखी घट्ट धरला. पुढे व्हायचं ते झालं, खुर्ची आणि सतरंजी दोन्ही धुवाव्या लागल्या. बाबा शरमेने डीपली रिग्रेट म्हणाले ते हिला शेवटचे शब्द वाटले. मी घरी पोचते तो सोफ्यावर तिने बोलावलेले मनोविकारतज्ज्ञ बसलेले. त्यांनी बाबांना विचारलं, मरणाचे विचार मनात येतात का? इतक्या दिवसांनी कुणीतरी कामाबद्दल विचारतंय म्हणून बाबांची कळी खुलली. त्यांनी अख्खं पान म्हणून दाखवलं. डॉक्टर भराभर लिहीत होते, बाबा त्यांना लिहायला वेळ मिळावा म्हणून मधे मधे थांबत होते.

त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्यांनी बाबा दिवसभर मान टाकून बसायचे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या हातापाया पडून मी त्या बंद करून घेतल्या. ती बाई पुन्हा आली नाही आणि एजन्सीने आपल्या घरावर कायमची फुली मारली. हसतोयस ना? हस. हे आठवून मीही हसते. पण तेव्हापासून घराबाहेर पडायचं म्हणजे मला धाकधूक होते.

आता माझं सांगते. लॅब मी सोडली नाही, लॅबच घरी आणली. तिथून साचे येतात, मी इथे मेणात दात बसवते, हिरडीचा रंग जुळवते, घासून गुळगुळीत करते, आणि तयार कवळ्या परत जातात. हे काम मला छान येतं. माझ्या हातची कवळी घालून लोक सफरचंद खातात. टेबल मुद्दाम अशा कोनात सरकवलंय की मान वर केली की बाबांची खुर्ची दिसावी. बाजारात जायचं ते पळत. मागे केस कापायला गेले तर शेजारणीचा फोन आला, बाबा शोकाकुलांना बोलावताहेत आणि जिन्यात माणसं जमलीत. तशीच उठले. महिनाभर एका बाजूचे केस आखूड घेऊन हिंडत होते. चष्म्याच्या दुकानवाल्यांचं तुला एकदा सांगितलं होतं. त्यांनी लग्नाचं विचारलं, मी थोडं थांबा म्हणाले, ते थांबले, आणि मग विचारायचेच थांबले. आता गेले की चष्मा पुसून देतात आणि बाबा कसे आहेत विचारतात.

दादा, मी कोंडले गेलेय. हे तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं. दाराला दिवसा साधी कडी नसते, बाबांनी मला कधी अडवलेलं नाही. पण या भाषेत बोलणारा एक आणि ती कळणारी एक, एवढीच तिची वस्ती. मी उठून गेले तर तो माणूस बाथरूमला नेण्यासाठी ओरडेल आणि लोक त्याला मरणाची इच्छा झाली म्हणून गोळ्या देतील. हे माहीत असताना पाय कसा निघणार? आणि नुसता पाय अडकला असता तरी चाललं असतं, डोकंसुद्धा अडकलंय. माझ्या डोक्यात आता तीच वाक्यं फिरतात. परवा केस विंचरताना आरशात पाहिलं आणि मनात आलं, डिसकंटिन्यूड. साबणासारखी. मग त्याच आरशासमोर बसून भरपूर रडले. तेवढ्यात बाहेरून शोकाकुलांना हाक आली, म्हणून डोळे पुसून जेवायला वाढलं.

लॅबच्या मॅडम बंदराच्या गावाला दुसरी लॅब काढताहेत आणि ती मी चालवावी असं त्यांच्या मनात आहे. हे त्यांनी मागेही विचारलं होतं, तेव्हा मी नाही म्हणाले. आता लॅब उभी राहिली, भट्टी बसली, हाताखाली माणसं घेतली. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की या वेळी नाही म्हणालीस तर दुसरीला देईन, आणि मग माझ्यावर रुसून बसायचं नाही. माझ्या वयाच्या बाईला अशी विचारणा पुन्हा होत नाही हे त्यांनाही कळतं आणि मलाही. म्हणून तुझे फोटो आले तेव्हा मी नाक मुरडलं नाही. बाबांना चांगला शर्ट घातला, टॅक्सी केली आणि तुझा वृद्धाश्रम बघायला घेऊन गेले. एक दिवस राहून बघा, असं त्यांनीच सुचवलं होतं.

फोटोत आहे तसंच आहे सगळं. स्वच्छ, उजेड भरपूर, माणसं प्रेमळ. दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये लांब टेबलाशी बाबांना बसवलं. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, म्हणजे खुर्चीच नव्हती. फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे डाग तेवढे होते. बाबा त्या डागांकडे बघत राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, सर्व्हाइव्ड बाय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, की आपण इथे पाहुणे आलोय म्हणून. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. हॉलमध्ये चमच्यांचा आवाज थांबला. समोरच्या आजी, कधीकाळच्या शिक्षिका, त्यांनी चमचा खाली ठेवला आणि बाबांना सांगायला लागल्या, की इथे बसणारे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करायचे, याच आठवड्यात गेले, मागे दोन मुली आहेत आणि एक नातू. पलीकडचे एक आजोबा म्हणाले, आणि गाणं फार वाईट म्हणायचे तेही सांगा. मग कोण थांबतंय! ते साखर जास्त घ्यायचे, त्यांना कुत्र्याची भीती वाटायची, धाकट्या मुलीशी ते बोलत नव्हते पण तिचा फोटो उशाला असायचा. दादा, बाबा एकेक ऐकून मान हलवत होते आणि बोटाने टेबलावर लिहीत होते. मधेच एकदा बोट आडवं फिरलं. विशेषण कापलं असणार. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा कामावर पाहिलं.

तिथल्या मेट्रन बाई नंतर मला ऑफिसात घेऊन गेल्या. वाईट बाई नाहीत त्या. त्या म्हणाल्या, आमची इथे एक पद्धत आहे, कुणी गेलं की नाश्त्याच्या आधी त्यांची खुर्ची उचलायची आणि तो विषय काढायचा नाही. बाकीच्यांची मनं जपावी लागतात. तुमच्या वडिलांना आम्ही घेऊ, पण मागच्या इमारतीत, वेगळ्या खोलीत. जेवणही खोलीतच, आणि शांत राहण्यासाठी थोडं औषध. मी बरं म्हणाले. बाहेर आले तर बाबांच्या खुर्चीभोवती घोळका जमला होता आणि त्या शिक्षिका आजी डोळे पुसत हसत होत्या. परत येताना टॅक्सीत मला एकच दिसत होतं, की मागच्या इमारतीत ताट पुढ्यात घेऊन बाबा शोकाकुलांना हाका मारताहेत, आणि ताटातलं गार होतंय. म्हणून, तू विचारलंस त्याचं उत्तर, नाही. तिथे मी त्यांना पाठवणार नाही.

पण मी इथे राहणार असंही नाही. जरा धीर धर.

वरच्या मजल्यावरचे काका तुला आठवत असतील, बस चालवायचे ते, दारातूनच हॉर्नसारखी हाक मारणारे. आता निवृत्त आहेत, काकूंच्या पायात पायात करतात म्हणून काकू त्यांना दुपारी हाकलून देतात. मॅडमना भेटायला मला जाणं भाग होतं तेव्हा नाइलाजाने त्यांनाच बाबांजवळ बसवून गेले. समजावून सांगायलाही वेळ नव्हता. जीव मुठीत घेऊन परत आले, तर बाबा धुतलेल्या तोंडाने चहा पीत बसलेले आणि काका त्यांना कुठल्याशा घाटात ब्रेक निकामी झाल्याची गोष्ट सांगताहेत. बाथरूमचं काय केलंत, मी विचारलं. काका म्हणाले, माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं की, त्यात सांगायचं काय? दादा, त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. बाबा काय बोलतात त्याने ते घाबरतच नाहीत. बाबा गंभीरपणे मोर्नर्स म्हणाले की काका म्हणतात, अगदी बरोबर बोललात साहेब. काका मला हेही म्हणाले, की दुपारचा मी रोज येईन, पण आंघोळ आणि रात्र हे घरच्या माणसाचं काम आहे, ते मी करणार नाही. इतकं सरळ बोलणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

काल सकाळी मी बाबांना लॅबचं सांगितलं. त्यांची नखं कापत होते, म्हणजे मान खाली घालून बोलता येतं. सगळं सांगितलं, बंदराचं गाव, भट्टी, राहायची खोली, आणि मी हो म्हणून आलेय हेही. बाबांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, सडनली. पानावर तो शब्द हार्टअटॅकवाल्यांसाठी असायचा, अचानक. मी कधीही त्यांच्याशी त्या भाषेत बोललेले नाही दादा. मला तिचा तिटकारा होता, मी नेहमी मराठीतच उत्तर द्यायचे. काल काय झालं कोण जाणे, नेलकटर हातात धरून मी म्हणाले, नाही बाबा, आफ्टर अ लाँग इलनेस. दीर्घ आजारानंतर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. खांदे गदागदा हलेपर्यंत हसले. मग मलाही आवरेना. हसता हसता मी कधी रडायला लागले ते कळलं नाही, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अर्धी नखं कापलेला. काही बोलले नाहीत. बोलले असते तरी मी इथे लिहिलं नसतं, कारण मी माझ्या सोयीचा अर्थ लावला असं तुला वाटलं असतं.

तू बाबांना वृद्धाश्रमात पोचवायला म्हणून लांबलचक रजा काढलीस, तिकीटही काढलंस. ते रद्द करू नकोस. तू शुक्रवारी येतोयस, मी गुरुवारी जातेय. मधली एक रात्र काका आपलं तत्त्व मोडून इथे झोपणार आहेत, काकूंनी त्यांना तसं बजावलंय. मला दोन दिवस थांबता आलं असतं, पण मी घरात असले तर बाबा माझ्याकडे बघून बोलतील, तू माझ्याकडे बघून ऐकशील, आणि तुम्ही दोघं आयुष्यभर तसेच राहाल. एवढं लांबण का लावलं ते आता कळलं असेल. यातली वाक्यं तुला लागणार आहेत, तेवढी पाठ करून ये. तुझी रजा संपेपर्यंत पुढचं काय ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, मला जे कळवाल ते मी ऐकेन, पण माझ्यावर टाकू नका. आणि एक, शुक्रवारी काका वर जाऊन थांबतील, दार बाबाच उघडणार आहेत. काठी शोधायला आणि तिथवर यायला त्यांना वेळ लागतो. बेल एकदाच वाजव आणि थांब.

तुझीच,
बारकी